पितृपक्षात शोधलेलं नाव

स्क्रीनवर ‘अनअव्हेलेबल’ असं आलं आणि माझा हात माऊसवरच राहिला. समोर दिनेश भोईर आणि रफिकभाई बसले होते. घटस्थापनेचा मुहूर्त साधून दोघे आले होते.

“काय झालं, सर?” भोईरने विचारलं.

“थांब जरा. नेट स्लो आहे.”

नेट स्लो नव्हतं.

भिवंडीत माझं छोटं ऑफिस होतं. आधी कॉम्प्युटर क्लास चालवायचो, म्हणून सगळे मला ‘सर’ म्हणत. पुढे मी लोकांना वेबसाइट बनवून द्यायला लागलो आणि तिचं नाव, म्हणजे डोमेन, घेऊन द्यायला लागलो. डोमेन हा तुमच्या दुकानाचा इंटरनेटवरचा पत्ता. तो विकणारी कंपनी म्हणजे रजिस्ट्रार. मी अशाच एका कंपनीचा रिसेलर होतो. साध्या भाषेत, एजंट. एक पत्ता एकालाच मिळतो, जो आधी घेईल त्याला.

भोईर भिवंडीजवळच्या वळ गावचा. वडिलांच्या भातशेतीवर आता त्याचं गोडाऊन उभं होतं. रफिकभाईचे कापड विणायचे लूम शहरात होते. दोघांनी मिळून सुती चादरी ऑनलाइन विकायचं ठरवलं होतं. रफिकभाईने विणायच्या, भोईरने गोडाऊनमधून पाठवायच्या. चादरीला मोठ्या पन्ह्याचे, म्हणजे रुंद कापड विणणारे लूम लागतात. रफिकभाईने आपले जुने लूम काढून तसे बसवले होते. सगळं या एका धंद्याच्या भरवशावर.

ब्रँडचं नाव त्यांनी दोघांच्या मुलींची नावं जोडून बनवलं होतं. ते मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो, की तो शब्द कुठल्याच भाषेत नव्हता. तिसऱ्या माणसाला सहज सुचेल असं ते नाव नव्हतंच.

पितृपक्ष लागला तेव्हा दोघे पहिल्यांदा माझ्याकडे आले होते. मी नाव सर्चमध्ये टाकून बघितलं. मोकळं होतं.

“सर, अभी के अभी ले लो,” रफिकभाई म्हणाला.

“येडा हाय का तू?” भोईर म्हणाला. “पितरपाख चालू हाय. आमच्यात या दिवसांत नवी वस्तू घेत न्हाय.”

“वस्तू किधर है भाई? नाम ही तो है.”

“पोरींचं नाव हाय ना त्यात. घटस्थापनेला घेऊ.”

“तेरे पुरखे कंप्यूटर में देखने आएंगे क्या?”

भोईर हसला, पण ऐकलं नाही. आमच्या घरात पितृपक्ष पाळत नाहीत. तरी गिऱ्हाइकाच्या श्रद्धेबद्दल मी कधी बोलत नसे. मी म्हणालो, “राहू दे. कोण घेतंय एवढ्यात?”

ते दोघे गेले आणि मग मलाच चैन पडेना. ऑफिस उघडलं की आधी ते नाव सर्चमध्ये टाकायचो. आहे ना अजून? जेवून आलो की पुन्हा. आधी आमच्या कंपनीच्या साइटवर, मग खात्री करायला दुसऱ्या, तिसऱ्या साइटवर. फुकट सर्च देणाऱ्या, जाहिरातींनी भरलेल्या साइट असतात, त्यांच्यावरही. वास्तविक आमच्या धंद्यात उघड बोललं जायचं, की तुम्ही सर्चमध्ये टाकलेलं नाव पलीकडे कुणाला तरी दिसतं. जे नाव पुन्हा पुन्हा शोधलं जातं, त्याला गिऱ्हाईक आहे हे त्यांना कळतं. मग ते आधीच उचलून ठेवतात आणि चढ्या भावाने विकतात. कंपन्या म्हणायच्या, आम्ही असलं काही करत नाही. मीही गिऱ्हाइकांना सांगायचो, अफवा आहेत. कंपनीचा बोर्ड माझ्याच दारावर लावलेला होता.

तर घटस्थापनेच्या सकाळी नाव गेलेलं होतं. नाव कधी आणि कुठल्या कंपनीमार्फत घेतलं गेलं, याची नोंद कुणालाही बघता येते. मी ती काढली. नाव आदल्याच संध्याकाळी गेलं होतं. कंपनी परदेशातली होती. तिच्या साइटवर मी ते नाव शोधलं होतं. मालकाचं नाव मात्र लपवलेलं. तशी सोय असते.

“नाव कुणीतरी घेतलंय,” मी शेवटी सांगितलं. “कोणी ते दिसत नाही.”

भोईरने स्वतः वाकून स्क्रीन बघितली. मग रफिकभाईकडे वळला. “हे नाव तिघांनाच ठाव होतं. सर, तू आणि मी.”

“मतलब?”

“तुला लई घाई होती त्या दिवशी.”

“घाई थी इसलिए बोला, ले लो! चोरी करनी होती तो बोलता क्या?”

“तुझ्या मामेभावाचं चादरींचंच दुकान हाय ना?”

रफिकभाईचा चेहरा उतरला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “सर, आप कंप्यूटरवाले हो. आप बताओ इसको, ऐसा कैसे होता है.”

‘मीच हे नाव दहा ठिकाणी टाइप केलंय, तिथूनच गेलं असेल,’ एवढं बोललो असतो तर भांडण तिथेच मिटलं असतं. पण मग गिऱ्हाईक गेलं असतं आणि गावभर झालं असतं, की सरांकडे नाव सांगितलं की जातं.

“काही सांगता येत नाही,” मी म्हणालो.

रफिकभाई उठला आणि जिना उतरून गेला.

त्यानंतर मी सर्चला हात लावला नाही. फक्त ती नोंद बघत बसायचो. झोप नीट लागत नव्हती. नवरात्र संपायच्या आत एका सकाळी ती नोंद नाहीशी झाली. नाव पुन्हा मोकळं झालं होतं.

याचा अर्थ मला लगेच कळला. रजिस्ट्रार कंपन्यांना एक सवलत असते. नाव घेतल्यावर थोड्या दिवसांत रद्द केलं तर त्याचा खर्च त्यांना परत मिळतो. कुणीतरी नाव अडवून गिऱ्हाइकाची वाट बघितली होती आणि कुणी विचारलं नाही म्हणून सोडून दिलं होतं. ज्याला चादरी विकायच्या असतात तो असं नाव परत करत नाही. रफिकभाईचा मामेभाऊ तर नाहीच.

मी नाव ताबडतोब घेतलं आणि भोईरला फोन केला.

“मिळालं? कसं काय, सर?”

“केली थोडी खटपट.”

“म्हणजे त्यानं सोडलं? दम दिला वाटतं तुम्ही!”

मी गप्प राहिलो. माझ्या त्या गप्प राहण्याने रफिकभाई कायमचा चोर ठरला. गोडाऊनच्या पूजेला भोईरने चार लोकांत मला शाल घातली. मी ती घेतली.

भोईरने कापड दुसऱ्याकडून घ्यायला सुरुवात केली. रफिकभाईच्या मोठ्या पन्ह्याच्या लूमना काम मिळेना. वर्षभर तग धरून त्याने ते भंगारात काढले.

काही वर्षांनी ऑफिस कायमचं बंद केल्यावर मी वळ गावी गेलो आणि भोईरला सगळं सांगितलं.

“आता सांगता व्हय, सर?” असं म्हणून त्याने गाडीची चावी उचलली. “चला. एकट्याची जायाची हिंमत न्हाय माझी.”

रफिकभाई आता दुसऱ्याच्या कारखान्यात मुकादम आहे. आत लूमच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून तो बाहेर आला. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

“मुझे पता था, मैंने नहीं लिया,” तो म्हणाला. “भोईर अपनी बेटी का नाम चुराएगा नहीं. तो बचा कौन? इतने साल मैं यही समझा, सर, कि नाम आपने लिया था.”

“नाही, रफिकभाई. मी नाही घेतलं.”

“हां. उस दिन मैं भी यही बोल रहा था. अब यकीन दिलाने में आपको कैसा लग रहा है?”

भोईर खाली बघून म्हणाला, “पुन्हा करू या का चादरी?”

“लूम कहां हैं, भोईर?” रफिकभाई म्हणाला आणि आत गेला. त्याची शिफ्ट चालू होती.

रजिस्ट्रारवर विश्वास ठेवावा का, असं लोक मला अजून विचारतात. त्या कंपनीने माझा सर्च बघूनच नाव उचललं, हे मी आजही सिद्ध करू शकत नाही. सगळ्या कंपन्या असं करतात असंही म्हणणार नाही. सर्चच्या चौकटीपलीकडे कोण बसलंय ते आपल्याला दिसत नाही, एवढं खरं. म्हणून घ्यायचं नक्की ठरेपर्यंत नाव कुठेही टाइप करू नका. टाइप केलंत तर त्याच बैठकीत घेऊन टाका. मुहूर्त बघायचा असेल, तर तो आधी बघा.