गोठ्यामागची माती

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही — आणि तिच्यापासून माझी तंबाखूही कधी लपली नव्हती. तुम्हाला का सांगतोय? खरंच माहीत नाही.

मी शेतीखात्यात होतो. पेण-रोह्याच्या गावांतून मातीचे नमुने गोळा करायचे, तपासणीला पाठवायचे, आलेल्या कागदावरून कुणी किती युरिया घालायचा ते सांगायचं. नमुना शेतभर फिरून, आठ-दहा जागी खणून घ्यायचा असतो. हे मीच सभांतून सांगायचो — लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

गडबच्या सुनंदावहिनींनी सासऱ्यांकडून जमिनीचा एक तुकडा मागून घेतला होता. भात निघालं की तिथं नेहमीचे वाल. वहिनींना मका करायचा होता. सासरे म्हणाले, एक हंगाम बघू. साधलं तर तुकडा तुझ्या मर्जीचा, नाहीतर पुन्हा शब्द काढायचा नाही.

नमुना घ्यायला गेलो त्या दिवशी ऊन होतं. भाताची जमीन वाळून टणक झालेली, कुदळ उडत होती. एसटी चुकली असती... नाही, ते कारण नव्हे. मला कंटाळा आला. तुकड्याच्या कडेला त्यांचा गोठा होता; त्यामागच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं शेण पडायचं, तिथली माती मऊ होती. मी पिशवी तिथंच भरली. एकाच खड्ड्यातून.

कागद आला — नत्र भरपूर. वहिनींना म्हटलं, युरिया नावापुरता पुरे.

मका गुडघाभर झाला आणि खालची पानं पिवळी पडू लागली. शेजारणी म्हणायच्या, मूठभर युरिया टाक गो. वहिनी ऐकेनात. "नाय. भाऊंच्या कागदात हाय तेवढंच."

मी बांधावरून ती पानं पाहिली. लगेच कळलं. अजून वेळ होता — युरिया घाला, एवढंच म्हणायचं होतं. पण सासऱ्यांनी विचारलं असतं ना, मग कागद कसला? मी काय म्हणालो असेन?

"वहिनी, तुम्ही पाणी जास्त दिलंत."

त्यांनी पाणीही तोडलं. कणसं बोटाएवढी राहिली. पुढल्या वर्षी तिथं पुन्हा वाल, आणि वहिनींनी शेताबद्दल कधी शब्द काढला नाही.

त्यानंतर एकदा त्यांच्याकडे गेलो, तर चहा ठेवून समोर बसल्या. मान खाली. "तुमचा कागद बरोबर होता, भाऊ. माझ्याच हातानं बिघडलं. तुमची मेहनत फुकट गेली, राग धरू नका."

मी चहा प्यालो. "असू द्या वहिनी," म्हणालो. मी त्यांना माफ केलं.