ब्रिजेटच्या धुतलेल्या तिसऱ्या

मनोरीत ब्रिजेटच्या तिसऱ्यांना, म्हणजे खाडीतल्या खायच्या शिंपल्यांना, नावं ठेवण्याची कोणाची टाप नव्हती. तिची पाटी खाडीपलीकडे मार्वेच्या धक्क्यावर उतरली की मालाडच्या बायका आधी तिच्याकडे वळायच्या आणि शेजारच्या दोघीतिघींचा माल तसाच पडून राहायचा. त्या दोघीतिघी मग तिला मनातल्या मनात शिव्या घालायच्या. कधी मोठ्यानेही घालायच्या. कारण एवढंच, की ब्रिजेटच्या तिसरीत वाळू लागत नसे. कालवण करा, सुकं करा, शेवटच्या घासापर्यंत दाताखाली कचकच नाही.

यात जादू काही नव्हती. ओहोटीला खाडीच्या चिखलात बसून काढलेल्या तिसऱ्या ती रात्रभर मोठ्या पातेल्यात पाण्यात ठेवायची. पाणी खाडीचं नाही हं. गावाच्या पलीकडच्या अंगाला उघडा समुद्र आहे, तिथून कळशीने आणलेलं आणि जुन्या लुगड्याच्या दुहेरी फडक्यातून गाळलेलं. पाणी बरं लागलं की तिसरी तोंड उघडते आणि पोटातलं सगळं बाहेर टाकते. ही रीत तिला सासूने शिकवली, आणि वर दमही दिला, की चिखलाची तिसरी दुसऱ्याच्या हातात ठेवलीस तर या घराची अब्रू गेली म्हणून समज. सासूने शिकवलेलं बाकी बहुतेक सगळं ब्रिजेटने यथावकाश मोडीत काढलं, पण हे एक मात्र पंचेचाळीस वर्षं पाळलं.

अशा बाईच्या दारात अडीच वर्षांपूर्वी साक्षात विज्ञान येऊन उभं राहिलं. त्याचं नाव डॉ. सौरभ चेंदवणकर, नोकरी अंधेरीच्या एका संशोधन संस्थेत, डोक्यावर परदेशी टोपी आणि पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. खाडीतल्या तिसऱ्यांच्या पोटात प्लास्टिकचे बारीक कण किती असतात, ते त्याला मोजायचं होतं. पहिल्याच दिवशी तो मोठ्या ऐटीत चिखलात उतरला आणि चौथ्या पावलाला मांडीपर्यंत रुतला. ब्रिजेटने आणि शेजारच्या सुनंदाने त्याला काखेत हात घालून ओढून काढलं. माणूस निघाला, एक बूट मात्र खाडीने ठेवून घेतला. त्या दिवसापासून डॉक्टरच्या संशोधनात 'लोकसहभाग' आला. म्हणजे चिखलात ब्रिजेटने जायचं आणि डॉक्टरने दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या फेरीबोटीने येऊन पिशवी घेऊन जायची.

"आंटी, फक्त पन्नास नग द्या, खाडीतले, ताजे," तो म्हणाला.

ब्रिजेटने दिले. दर महिन्याला दिले, दोन वर्षं. आणि कसे दिले? आता तुम्हीच सांगा, अंधेरीहून शिकलेला माणूस दारात येतो, आंटी आंटी करतो, त्याच्या हातात बाई चिखलाच्या तिसऱ्या ठेवेल का? तिने त्या रात्रभर गाळलेल्या पाण्यात ठेवल्या, दोनदा पाणी बदललं, शिंपला न् शिंपला काथ्याने घासला आणि मगच पिशवीत भरल्या. त्या कुठे ठेवल्या होत्या, कशा ठेवल्या होत्या, हे डॉक्टरने विचारलं नाही. तो तिच्या हातची तिसऱ्यांची आमटी भातावर ओढून, बोटं चाटून, साडेबाराच्या बोटीने परत जायचा.

अंधेरीच्या प्रयोगशाळेत मग त्या तिसऱ्यांचं मांस रसायनात विरघळवत, गाळत आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरत. सापडायचं काय? जवळपास काहीच नाही. ठाण्याच्या खाडीतल्या, वसईच्या खाडीतल्या तिसऱ्यांत प्लास्टिकच प्लास्टिक, आणि मनोरीच्या अगदी सोवळ्या. एखाद्याला वाटलं असतं, जरा जाऊन विचारावं, बाई, हे कसं काय? पण तेवढ्यासाठी डॉक्टर कशाला व्हायचं? आपल्या डॉक्टरने थेट सिद्धांत मांडला. मनोरीच्या तिसरीच्या आतड्यात एक खास चिकट स्राव असतो आणि त्या स्रावाच्या रसायनामुळे प्लास्टिक तिथे टिकतच नाही. यावर त्याचा पंधरा पानांचा निबंध छापून आला, तो परदेशात जाऊन भाषण करून आला, आणि वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला, हातात तिसरी धरलेला. ती तिसरी ब्रिजेटने घासलेली होती.

फोटोचा कागद ब्रिजेटच्या नवऱ्याने, कॉस्मसने, भिंतीला चिकटवला. कॉस्मस साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये तीस वर्षं लेथवर उभा राहिला होता आणि निवृत्त झाल्यापासून दिवसभर पेपर वाचून बायकोला जगाची खबर देत असे. यावेळी जगाची खबर त्याच्या घरातूनच निघाली होती, म्हणून तो आठवडाभर छाती काढून चालला. ब्रिजेटही खूष होती. आपल्या तिसऱ्या परदेशापर्यंत पोचल्या, आणि तिथेही कोणी खोट काढू शकलं नाही.

मग कॉस्मसने एक दिवस दुसरी बातमी वाचून दाखवली. खाडीच्या काठी मोठी वसाहत होणार, बारा टॉवर, आणि त्यांचं सांडपाणी 'प्रक्रिया करून' नळाने खाडीत सोडणार. नळाचं तोंड नेमकं तिसऱ्या सापडतात त्या चिखलाच्या पट्ट्यावर. पुढच्या महिन्यात गावात जनसुनावणी. आणि खाडी ते पाणी सहज पचवेल याला पुरावा कशाचा, तर डॉ. चेंदवणकरांच्या निबंधाचा. मनोरीची खाडी इतकी निरोगी आहे, की तिथल्या शिंपल्यांत प्लास्टिकसुद्धा सापडत नाही.

ब्रिजेटने पातेल्याकडे बघितलं. कालच्या गाळात आजही निळे, हिरवे धागे होते, जाळ्याच्या दोरीचे, पिशव्यांचे, देव जाणे कशाकशाचे. रोज असायचे. रोज ती ते परसात ओतायची. त्या पट्ट्यावर ती सोळाव्या वर्षापासून बसत होती आणि त्याच चिखलावर तिने दोन पोरी शिकवल्या होत्या. नळ तिथे आला की पट्टा संपला. आणि नळ आणत होत्या तिनेच घासून दिलेल्या तिसऱ्या.

पुढच्या खेपेला डॉक्टर आला तेव्हा तिने त्याला जेवायला वाढण्याआधी मोरीपाशी नेलं आणि पातेल्याचा तळ दाखवला.

"हे बघ. तुझं प्लास्टिक. ते तिसरीत नाही म्हणतोस ना, ते इथे असतं."

डॉक्टर खाली वाकला. एक निळा धागा बोटावर घेऊन त्याने उजेडात धरला. मग हळूच म्हणाला, "आंटी, तुम्ही मला द्यायच्या त्या... रात्रभर यात ठेवायच्या?"

"मग काय चिखलाच्या देऊ पाहुण्याला?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पण शिकलेला माणूस लवकर सावरतो. पाटावर बसेपर्यंत त्याचा रंग परत आला होता. निबंध छापून झालाय, तो म्हणाला, पुढच्या निबंधात एक तळटीप घालता येईल. सुनावणीत हे बोलायची काही गरज नाही. मग त्याने आवाज खाली आणला आणि काळजीने सांगितलं, "आणि आंटी, तुमचाच विचार करून बोलतोय. खाडीच्या तिसऱ्यांच्या पोटात प्लास्टिक असतं, हे तुम्ही माइकवर सांगितलंत तर उद्या तुमचा माल कोण घेईल?"

हे मात्र त्याने बरोबर मोजलं होतं. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागला नाही.

ब्रिजेट आठ दिवस धड जेवली नाही. कॉस्मसचा सल्ला ठरलेला होता, गप्प बस. सुनंदाचा सल्ला उलटा, बोल, नाहीतर मी बोलते. पण सुनंदाचं कोण ऐकणार? पिशव्या ब्रिजेटने दिल्या होत्या. गप्प बसावं तर पट्टा जातो, बोलावं तर गिऱ्हाईक जातं. पंचेचाळीस वर्षं जे नाव कमावलं ते स्वतःच्या तोंडाने मातीत घालायचं, या विचाराने तिला रडू यायचं, आणि रडू आलं की राग यायचा. तो कोणावर काढावा ते कळेना, म्हणून कॉस्मसवर निघायचा.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये झाली. व्यासपीठ, खुर्च्या, पाण्याच्या छोट्या बाटल्या, पाचशे तरी असतील, आणि पर्यावरणावर भाषण. कंपनीच्या सल्लागाराने पडद्यावर तिसरीचं चित्र दाखवलं, त्यानंतर डॉक्टरच्या निबंधातलं वाक्य, त्यानंतर वसाहतीतलं कारंजं. पहिल्या रांगेत डॉक्टर मांडीवर फाइल ठेवून बसला होता आणि कारंजं फार लक्षपूर्वक बघत होता.

ब्रिजेटने माइक मागितला.

"त्या तिसऱ्या मी दिलेल्या," ती म्हणाली. "धुऊन दिलेल्या. एक रात्र चांगल्या पाण्यात ठेवून. पोटातली घाण माझ्या पातेल्यात पडली, म्हणून यांना सापडली नाही. खाडीतून काढली तशी तिसरी फोडली तर प्लास्टिक निघतं. मी रोज बघते. डॉक्टरने पण बघितलंय."

हॉलमध्ये कुजबुज झाली. सगळ्यांच्या माना डॉक्टरकडे वळल्या. डॉक्टरने फाइल उघडली, बंद केली आणि म्हणाला की नमुने घेण्याच्या पद्धतीची फेरतपासणी करावी लागेल.

सल्लागार मात्र अजिबात घाबरला नाही. उलट त्याचा चेहरा खुलला. तो अध्यक्षांच्या खुर्चीतल्या साहेबांकडे वळून म्हणाला, "सर, हे तर आमच्याच बाजूचं झालं. खाडी आधीच दूषित आहे, असं स्थानिक महिला स्वतः सांगताहेत. म्हणजे आमच्या पाण्याने नव्याने बिघडणार असं काही नाही." साहेबांनी मान हलवली आणि शेजारच्या कारकुनाने ते लिहूनही घेतलं. खाडी स्वच्छ, म्हणून नळ आणा. खाडी घाण, म्हणून नळ आणा. वा रे अभ्यास.

पण माइक ब्रिजेटने सोडला नव्हता.

"लिहिताय तर हेही लिहा," ती म्हणाली. "एक रात्र चांगलं पाणी दिलं तर ती घाण बाहेर टाकते. म्हणजे जिवंत आहे अजून. तुमचा नळ आला की रात्रंदिवस घाणच, मग ती तोंडच उघडणार नाही. मेलेली तिसरी कशी दिसते साहेब, तुम्ही बघितलीय? वास येतो. आणि डॉक्टर, तू खोटं लिहिलं नाहीस, मला माहीत आहे. विचारलं नाहीस फक्त. आता विचार, इथे, सगळ्यांसमोर."

डॉक्टर उठला. घसा साफ केला, दोनदा केला. शेवटी म्हणाला, की होय, नमुने धुतलेले होते, निबंधातला निष्कर्ष या खाडीला लावता येणार नाही. एवढं बोलून तो खाली बसला तेव्हा त्याच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि निर्णय दिला, की तीन महिने नव्याने नमुने घ्यावेत, तोपर्यंत नळाचा विषय स्थगित. गावाने टाळ्या वाजवल्या. कॉस्मसनेही वाजवल्या, गप्प बस म्हणणाऱ्याच हातांनी.

दुसऱ्या दिवशी मार्वेच्या धक्क्यावर ब्रिजेटच्या पाटीसमोर कोणी थांबलं नाही. अकरा वाजता नलिनी आली, मालाडची, बावीस वर्षांचं गिऱ्हाईक. पाटीकडे बघून ती पदराशी चाळा करत उभी राहिली.

"घे की गं," ब्रिजेट म्हणाली. "रात्रभर ठेवल्यात. तुला माहीत आहे ना, मी धुऊन देते."

"तेच ना," नलिनी म्हणाली. "तू धुऊन देतेस म्हणूनच इतकी वर्षं कळलं नाही आम्हाला."

ती वाईट मनाने बोलली नव्हती, आणि तेच जास्त लागलं. ब्रिजेट भरली पाटी घेऊन परतीच्या बोटीत बसली. घरी कॉस्मस दारात उभा होता. त्याने भरली पाटी तिच्या हातातून उतरवून घेतली. त्या रात्री दोघांनी तिसऱ्याच खाल्ल्या, दुसऱ्या रात्रीही त्याच.

पंधरा दिवसांनी डॉक्टर आला, यावेळी ओहोटीच्या वेळेलाच. नवीन बूट घालून आला होता आणि काठावर उभा राहिला. बर्फाची पेटी, चिमटा, पिशव्या, सगळं त्याच्याजवळ होतं. ब्रिजेट चिखलातून टोपली घेऊन वर आली. शिंपल्यांवर काळा गाळ लिंपलेला होता आणि त्यातून घाणेरडं पाणी ठिबकत होतं. काठावर ठेवलेल्या पाण्याच्या कळशीकडे तिचा हात गेला, सवयीने गेला, आणि तिने तो मागे ओढला. मग तिने तशाच, चिखलासकट, पन्नास तिसऱ्या मोजून त्याच्या पिशवीत टाकल्या. प्रत्येक तिसरी टाकताना तिला लाज वाटत होती आणि ती डॉक्टरच्या तोंडाकडे बघत नव्हती.

डॉक्टरने पिशवी बांधली आणि तिच्यावर लावायची चिठ्ठी लिहायला घेतली. तारीख घातली, वेळ घातली, 'न धुतलेल्या' असं लिहिलं. मग पेन थांबवून म्हणाला, "आंटी, यावेळी तुमचं नाव नको. नुसता नंबर टाकतो. उगाच तुम्हाला आणखी त्रास."

"नाव घाल," ब्रिजेट म्हणाली.

"आंटी, ही चिठ्ठी पुढे सगळीकडे जाईल."

"म्हणून तर. नाव घाल आणि नीट वाचता येईल असं घाल."

त्याने पिशवी गुडघ्यावर धरली आणि मोठ्या अक्षरात तिचं पूर्ण नाव लिहिलं.