मटणाचा डबा माळ्यावर

आमच्या घरात मटण आणायचा एक डबा आहे. ॲल्युमिनियमचा, कडीचा, एका बाजूला पोचा आलेला. रविवारी सकाळी तो घेऊन दुकानापुढं उभं राहणं हे आमच्या गल्लीत पुरुषाचं काम. आठवडाभर इकडची काडी तिकडं न करणारा माणूसही त्या दिवशी आंघोळीआधी निघतो, "मांडीचं दे, चरबी काढ" असं बजावतो आणि पैज जिंकल्यासारखा परत येतो. माझे मालक आमच्या लग्नाआधीपासून हे करत आलेत.

गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा सुजला. पिकल्या टोमॅटोसारखा लाल, पांघरुणाचा काठ लागला तरी कळवळायचे. कोल्हापुरी चपलेत अंगठा जाईना. आता ही चप्पल म्हणजे मालकांचा जीव. करकर वाजते, ते गल्लीच्या टोकाला असले तरी मला चहा टाकायची वेळ कळते. मुलानं रबरी स्लीपर पुढं केल्या.

"ह्या घालून तळ्यावर जाऊ? लोक म्हणतील, न्हाणीतनं उठून आलाय."

झालं. रंकाळ्यावरची सकाळची फेरी बंद, मित्र बंद. दिवसभर सोप्यात, बाहेरच्या खोलीत, बसून ते वर्तमानपत्राशी भांडायला लागले. डॉक्टरांनी युरिक ॲसिड वाढल्याचं सांगितलं. गोळ्या वेळेवर घ्या, पाणी प्या आणि मटण कमी करा, नाहीतर हा अंगठा पुन्हा पुन्हा असाच छळणार. मालक रिक्षात बसता बसता म्हणाले, "डॉक्टर बाहेरचा दिसतोय."

आता सांगून ऐकणारा माणूस असता तर प्रश्नच नव्हता. आणि सांगून काय होतं, याचा मला चांगला अनुभव आहे.

नवी नवरी होते तेव्हाची गोष्ट. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षापर्यंत शिकलेली, म्हणजे माझ्या मते सगळं शिकलेली. कुठल्याशा मासिकात भाजीपाल्याच्या आहारावर लेख वाचला आणि आखाडातल्या रविवारी, ताटं वाढलेली असताना, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहून भाषण ठोकलं. माणसाचे दात, माणसाचं आतडं, मुक्या जिवांचे डोळे, काही म्हणजे काही सोडलं नाही. डोक्यावरचा पदर दोनदा घसरला, तोही मोठ्या झोकात सावरला. मामंजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, म्हणाले, "सूनबाईचं झालं असंल तर रस्सा वाढा." त्या दिवशी पातेलं खरवडून संपलं. एरवी दोन भाकरीत उठणारे माझे मालक चौथीला हात घालत होते, माझ्याकडं बघत.

मी रागानं दही-भात खाल्ला. पुढच्या रविवारीही खाणार होते. पण आत्याबाई न्हाणीकडं गेल्या तेव्हा मी पातेल्यापाशी होते आणि त्या परतल्या तेव्हा माझ्या तोंडात मटणाची नळी होती. त्यांनी भाकरीचा तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "खाऊ नगा म्हणालीस म्हणून खाल्लं बघ सगळ्यांनी. गप वाढली असतीस वांगी पयल्यांदा, तर वांगी खाल्ली असती."

हे मी विसरूनही गेले होते. अंगठा सुजला आणि आठवलं. त्यात पुण्यात शिकणाऱ्या नातीनं फोनवर सांगितलं की त्यांच्या मेसमध्ये कोशिंबिरीचं भांडं दारातच मांडलंय, तर मुलं मुकाट्यानं घ्यायला लागलीत. "आज्जी, याचा अभ्यास असतो," म्हणाली. मला गंमत वाटली. माणूस भुकेनं खातो, जिभेनं खातो, की नुसता समोर आलं म्हणून खातो? घरात एक नमुना बसलेलाच होता. बघायला काय हरकत?

माझ्या सूनबाईला सांगितलं, नको हा शब्द काढायचा नाही. पथ्य हा शब्द तर मुळीच नाही. मटणाचा डबा घासूनपुसून माळ्यावर ठेवला. कुलूप नाही, काही नाही, फक्त स्टूल लावावं लागेल एवढ्या उंचीवर. दाराजवळच्या खुंटीला भाजीची पिशवी अडकवली. रविवारचं मटण मुलगा बाहेरून येताना परस्पर आणायचा, थोडं. पहिल्यांदा गरम भाकरी आणि अख्खा मसूर ताटात पडायचा, वर कांदा, लिंबू. मटणाचं पातेलं टेबलावरून आत ओट्यावर गेलं.

"मटण कुठाय?"

"आहे की आत. हवं तेवढं घ्या."

मालकांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं, मग अंगठ्याकडं, मग मसुराकडं. "बसतो खात हेच," म्हणाले.

सगळंच काही जमलं नाही. सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा केला तर त्यांनी एक वडी बोटांनी दाबून बघितली आणि "भांडी घासायचं हाय काय हे?" असं विचारलं. मांजरापुढं टाकली, तर तेही निघून गेलं. पण कच्च्या फणसाला सुकं खोबरं, तीळ, खसखस भाजून, वाटून मटणाचंच वाटप लावलं तेव्हा त्यांनी वाटी पुन्हा पुढं केली.

"ह्यात मटण हाय?"

"नाही."

"मग बरं कसं लागतंय?"

हा प्रश्न मला फार आवडला. मीही रात्रंदिवस तोच चघळत होते. इतकी वर्षं आपण मटणावर जीव टाकला की वाटपावर?

अंगठा उतरला. चपला अजून स्टँडवरच होत्या, पण मालक त्यांना तेल लावायला लागले होते. तेवढ्यात, मटण आणलंच नव्हतं अशा एका रविवारी, हुपरीहून माझा धाकटा भाऊ आला. चांदीच्या पैंजणांचं काम करतो, जेवायला बसला की वर बघत नाही. मसुरावर लिंबू पिळून त्याची तिसरी भाकरी चालली होती. आणि मालकांनी तोंड उघडलं.

"पावणं, एक सांगतो. मटण कमी करा. माणसाचं आतडं मटणासाठी न्हाईच."

मी गार पडले. तेच आतडं. पुढं दातही आले. फक्त पदर तेवढा नव्हता. मी सूनबाईला डोळ्यांनी खुणावलं, तिनं पाणी वाढलं, काही उपयोग झाला नाही.

भाऊ थांबला. "म्हणजे दाजी, आज मटण न्हाय?"

आता कोल्हापुरात पाहुण्यानं असं विचारलं की घरच्या माणसाची मान खाली जाते. मालक उठले, स्टूल लावलं, डबा काढला आणि मुलाच्या हातात दिला. "किलोभर आण." दुपारी पुन्हा पान मांडलं. पाहुण्याला एकटं जेवू देत नाहीत, त्याच्याबरोबर बसावं लागतं, म्हणून मालकही बसले. भावाइतकंच खाल्लं. एकदाही उठून आत जावं लागलं नाही. पातेलं मधोमध होतं.

मंगळवारी अंगठा पुन्हा लाल. "हवा बदलली," मालक म्हणाले. मी "असेल" म्हटलं. हसू दाबायला मला दाराआड जावं लागलं, आणि तिथं गेल्यावर हसू आलं नाही. तेल लावलेल्या चपला समोरच होत्या.

डबा घासून मी ओट्यावर पालथा घातला आणि तिथंच राहू दिला. मुद्दाम. मला बघायचं होतं. माळ्यावर मीच ठेवायचा, ओट्यावरही मीच, मग यात मालक कुठं आहेत? सूनबाई दोनदा म्हणाली, "आई, वर ठेवू?" मी म्हटलं, "हात लावू नको."

दुसऱ्या दिवशी देवळातून आले तर ओटा मोकळा. डबा माळ्यावर, अगदी मागं सरकवलेला. खाली स्टूल तसंच. मालक सोप्यात वर्तमानपत्र वाचत होते, दुखरा पाय खुर्चीवर ठेवून. मी स्टूल जागेवर नेलं. त्यांनी पान उलटलं.

सूज उतरायला या वेळी जास्त दिवस लागले. मग एका रविवारी मी भाकरी थापत असताना अंगणात करकर वाजली. मी हात थांबवून ऐकलं. फाटकातून उजवीकडं तळं, डावीकडं मटणाचं दुकान. आवाज उजवीकडं गेला. बऱ्याच वेळानं परत आला तो मात्र डावीकडून.

त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली. शेवग्याच्या शेंगा निघाल्या, वांगी निघाली, कोथिंबीर निघाली आणि सगळ्यात खाली, मुठीएवढी एक पुडी.

मी पुडी बघितली, मग माळ्याकडं बघितलं.

"डबा लागला न्हाई," मालक म्हणाले. "पिशवीत मावलं."