डी ड्राइव्हच्या मॅडम

आमच्या कॉलेजच्या लॅबमधल्या मॅडम कॉम्प्युटरच्या सी ड्राइव्हबद्दल भाड्याच्या खोलीबद्दल बोलावं तसं बोलायच्या. कुणी डेस्कटॉपवर फाइल ठेवली की पाठीमागून आवाज यायचा, "उचल ते तिथून. सी आपला न्हाई. कवाबी खाली करायला सांगतील." आवाज चढलेला नसायचा. तेच तेच सांगून थकलेल्या माणसाचा असायचा. नाव त्यांचं वेगळं होतं, पण राहाता तालुक्यातल्या त्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना डी मॅडमच म्हणायचे. तोंडावर कुणी म्हणत नसे, तरी त्यांना ते ठाऊक होतं.

त्यांच्या या हट्टाला कारण होतं. सुट्टीच्या दिवशी आमची लॅब नोकरभरतीच्या ऑनलाइन परीक्षांना दिली जायची. परीक्षेवाल्या कंपनीची माणसं यायची, सी ड्राइव्ह पुसायची, त्यावर कोरं विंडोज टाकायची आणि परीक्षा उरकून निघून जायची. सोमवारी आम्ही यायचो तेव्हा मशीन आम्हाला ओळखत नसे. लागणारं सगळं परत उतरवायचं, तर कॉलेजच्या इंटरनेटवर एक प्रोग्रॅम येईपर्यंत तास संपायचा. म्हणून मॅडमनी प्रत्येक डिस्कचे दोन भाग केले होते. सीवर विंडोज, आणि बाकीचं आमचं जे काही असेल ते डीवर.

त्यातही त्यांची खरी कमाई म्हणजे पॅकेज मॅनेजर. बाकीचे प्रोग्रॅम आणणारा, लावणारा आणि जुने झाले की बदलणारा हा एक प्रोग्रॅम असतो. एरवी तो विंडोजच्याच शेजारी सीवर जाऊन बसतो. मॅडमनी तो डीवर बसवला होता आणि तो जे आणेल तेही डीवरच राहील असं करून ठेवलं होतं. सी पुसला गेला की नव्या विंडोजला फक्त पत्ता सांगायचा: आमचं सामान डीवरच्या अमुक फोल्डरमध्ये आहे, तिथून घे. सोमवारी सकाळी त्या एकेका मशीनपुढे वाकून हे काम करायच्या. मग कमरेवर हात ठेवून सरळ व्हायच्या आणि म्हणायच्या, "चला, बिऱ्हाड लागलं."

मी इंग्लिश मिडियमची. वर्गात बोलत नसे. मराठीत बोलले तर मुली हसतील आणि इंग्रजीत बोलले तर शिष्ट म्हणतील, अशी दोन्हीकडून भीती. मॅडमनी ती पहिल्याच आठवड्यात ओळखली असावी. पॅकेज मॅनेजरची माहिती इंग्रजीत असायची. त्यांना ती वाचता येत होती, तरी मला हाक मारायच्या, "ए इंग्लिश मिडियम, माझं डोळं दुखत्यात, वाच जरा." मी वाचायचे. "वाचलंस छान. आता सांग." मग मी चाचरत मराठीत सांगायचे, आणि त्या पडद्याकडेच बघत ऐकायच्या. तोंडाकडे बघितलं असतं तर मी गप्प झाले असते.

माझी जोडीदार शबाना माझ्या अगदी उलट. पुणतांब्याहून यायची. वडिलांचा पेरूचा व्यापार, त्यामुळे घासाघीस रक्तातच. मॅडमशी ती सरळ वाद घालायची. "मॅडम, पेनड्राइव्ह लावू द्या ना एकदा. घरी कॉपी ठेवते."

"व्हायरस तुझा अब्बा काढनार का?"

"अब्बा पेरूतली कीड काढतात, मॅडम."

"मंग तिथंच लाव पेनड्राइव्ह."

आम्ही दोघी शेवटच्या वर्षाला पेरूच्या रोजच्या बाजारभावाचं ॲप करत होतो. दोघींकडेही लॅपटॉप नव्हता. जे होतं ते लॅबमधल्या आमच्या मशीनच्या डीवर. सगळ्याच जोड्यांचं तसंच होतं. आमची तोंडी परीक्षा जवळ आली होती, आणि त्याच सुमाराला मॅडमचं कंत्राट वाढवायचं की नाही हे ठरायचं होतं. दर वर्षी ते ठरायचं, आणि दर वर्षी त्या दिवसांत त्या डबा अर्धा ठेवायच्या.

एकदा अशाच अर्ध्या डब्यासमोर मी त्यांना विचारलं, हे वेगळं ठेवायचं तुम्हाला कुणी शिकवलं. कॉम्प्युटरबद्दल विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "सासरी असताना माझी शिलाईची मशीन मी बहिनीकडं तिसगावला ठेवली हुती. सासू लई बोलायची, सुनंची मशीन सुनंच्या घरात नको व्हय? मी हसन्यावारी न्यायची. घरातून निघाले तवा हातात पिशवीबी नव्हती. पन मशीन हुती." त्या मशीनवर ब्लाउज शिवून त्यांनी कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलं. मग त्यांनी डब्याला झाकण लावलं.

त्यानंतरच्या शनिवारी परीक्षेवाले आले. मॅडमची आई बहिणीकडे आजारी होती, म्हणून किल्ल्या शिपायाकडे देऊन त्या तिसगावला निघाल्या होत्या. कंपनीचा जो माणूस मशीन तयार करत होता तो अकोल्याकडचा, दोन लेकरांचा बाप, रोजावर काम करणारा. नवं विंडोज टाकताना त्या वेळी एक गोष्ट वेगळी झाली. विंडोजनं डी हे अक्षर सीडीच्या खणाला दिलं, आणि आमचा भाग ई झाला. परीक्षेच्या सॉफ्टवेअरला सीवर जागा कमी पडत होती. ई पुसून सीत मिसळला की काम होणार होतं. त्यात फोल्डर दिसले म्हणून त्यानं मॅडमना फोन केला.

मॅडम एसटीत उभ्या होत्या. त्यानं विचारलं, "मॅडम, ई ड्राइव्हला काही फोल्डर आहेत. ठेवायचेत का?"

मॅडम म्हणाल्या, "ई? ई आमचा न्हाईच. मागल्या परीक्षावाल्यांचं असंल कायतरी. काढून टाका. आमचं सगळं डीला असतं, डीला हात लावू नका."

त्यानं डीला हात लावला नाही.

सोमवारी त्यांनी पहिलं मशीन उघडलं, मग दुसरं, मग तिसरं. नंतर उघडायच्या थांबल्या. पुसलेल्या जागेवर अख्खी परीक्षा होऊन गेली होती. परत मिळण्यासारखं काही उरलं नव्हतं. आम्ही दारात उभ्या होतो. मॅडम वळल्या आणि काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं, फोनवरच्या दोन्ही बाजूंच्या बोलण्यासकट. एक मुलगी रडायला लागली. मॅडम तिच्याकडे गेल्या नाहीत. कदाचित तिची समजूत घालायचा आपल्याला हक्क उरलाय असं त्यांना त्या क्षणी वाटलं नसेल.

प्राचार्यांनी बोलावलं तेव्हा विद्यार्थ्यांच्या वतीनं शबाना आणि मी आत होतो. प्राचार्य वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "मॅडम, कंपनीच्या माणसानं न विचारता डेटा काढला, एवढं तुम्ही लिहून द्या. मी कंपनीला कळवतो. तुमचं कंत्राट मला समितीपुढे न्यायचंय, समजून घ्या."

"त्यानं विचारलं हुतं, सर."

"फोनवरचं बोलणं आहे. कुणी ऐकलंय?"

"मी ऐकलंय की."

"मॅडम, तो उद्या दुसरीकडे जाईल. तुम्ही कुठं जाणार?"

मॅडम उठल्या. मग म्हणाल्या, "त्यानं नीट विचारलं, मी नीट बघितलं न्हाई. असंच लिहून देते." आणि आम्हाला म्हणाल्या, "चला गं, काम हाय."

बाहेर आल्यावर शबाना चिडून म्हणाली, "कोण लागतो तो तुमचा?"

"कुनी न्हाई. म्हनून तर."

त्यानंतरचे दोन आठवडे माझ्या आठवणीत एकच लांबलचक दिवस होऊन राहिले आहेत. मॅडमनी पॅकेज मॅनेजर परत वेगळ्या भागात बसवला, एका मशीनवर प्रोग्रॅम उतरवले, तिथून बाकीच्यांवर नेले. पेनड्राइव्हची बंदी उठवली, त्याबद्दल एक शब्दही न बोलता. मग रोज एकेका जोडीशेजारी खुर्ची ओढून बसायच्या. माफी त्यांनी मागितली नाही. तुमचं काय काय गेलं ते सांगा, एवढंच म्हणायच्या, आणि आम्ही आठवून आठवून पुन्हा लिहायचो. दुपारी त्यांचे डोळे मिटायचे. कीबोर्ड थांबला की उघडायचे. "का थांबली?" मी कधी नव्हे इतकं बोलले त्या दिवसांत. कुणी हसेल म्हणून भ्यायला ताकदच उरली नव्हती.

आमचं ॲप आधीपेक्षा कमी झालं, पण चाललं. सगळ्या जोड्यांची तोंडी परीक्षा झाली. त्याच आठवड्यात मॅडमना कळवण्यात आलं की पुढच्या वर्षी त्यांची गरज नाही.

शेवटच्या दिवशी आम्ही दोघी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. तिसगाववरून जाणारी पाथर्डीकडची गाडी लागलेली होती. शबानानं पेरूची पिशवी दिली आणि राहवलं नाही म्हणून परत तोच विषय काढला. "मॅडम, एक ओळ लिहिली असती तर आज इथं उभ्या नसतात."

"त्याचा फोन आल्ता काल," मॅडम म्हणाल्या. "कामावर ठेवलाय त्याला." परीक्षेला बसलेल्या पोराचा निकाल सांगावा तसं सांगितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू काय म्हनतीस, इंग्लिश मिडियम?"

मला पुष्कळ म्हणायचं होतं. मी चालत येताना ते मराठीत जुळवूनही ठेवलं होतं. पण कंडक्टरनं घंटी दिली, त्या घाईनं वर चढल्या आणि खिडकीशी बसल्या. मी खिडकीखाली जाऊन हाक मारायला तोंड उघडलं. पिशवी मांडीवर, डोकं गजाला टेकलेलं. गाडी हलायच्या आधीच त्यांना झोप लागली होती.

शबानानं माझा हात धरून मागे ओढलं. "नको उठवू," ती म्हणाली.