माग चालू ठेवून दिलेली उत्तरं

कॉलेजात शिकणारी एक पोरगी कबनूरला आमच्या घरी आली. हातात कागदांची चवड. मुलांना पुढं काय व्हायचंय, शाळा कशी वाटते, हे ती घरोघर विचारत फिरत होती. आमची नात बारावीला. परीक्षा झाली की कागलच्या पावण्यांच्यात द्यायची, असा शब्द मी देऊन बसलोय. नातीला विचारलं न्हाय. आमच्यात विचारायची पद्धत न्हाय, आणि दिलेला शब्द मी आजवर फिरवलेला न्हाय.

पोरगी म्हणाली, "आजोबा, हिला एकटीलाच विचारायचं असतं. जरा बाहेर बसता का?"

"माझ्याच घरातनं मला भाईर काढतीस व्हय? तिसरीतनं शाळा मी सोडली, मास्तरनं काढलं नव्हतं."

पोरगी चिवट. म्हणाली, "मग माग तरी सुरू करा. त्या आवाजात तुम्हाला काही ऐकू येणार नाही."

हे मला पटलं. यंत्रमागाची शेड घराला लागूनच, दारातनं सगळं दिसतं. माग सुरू करून मी स्टुलावर बसलो. चाळीस वर्षं मागावर काढलेल्या माणसाला कान लागत न्हाईत, हे तिला काय ठाऊक. आडवं सूत घेऊन धोटा खडाखडा धावत असला की आम्ही एकमेकांचे ओठ बघूनच बोलतो.

आधी नात मान खाली घालून सांगत होती, मला काय कळंना. मग तिनं मान वर केली आणि माझ्याकडं वळली. शेडात तोंड समोर करायचं, मगच बोलायचं, हे लहानपणी मीच तिला शिकवलेलं.

"नर्स व्हायचंय," ओठ सावकाश हलले. "कोल्हापूरला राहून शिकायचंय. घरात सांगून उपयोग न्हाय. शाळा सुटली की पाय घराकडं वळत न्हाईत."

पोरगी गेली तरी मी माग बंद केला न्हाय. शेवटी नातीनंच बटण दाबलं आणि चहाचा कप हातात दिला.

"आबा, ऐकू आलं का काय?"

"माग चालू हुता. काय ऐकू येणार?"

"व्हय की," ती म्हणाली, "माग चालू हुता."

पावणं उद्या तारीख काढायला येणार. ऐकलंच न्हाय म्हणून बसलोय, आता कुठल्या तोंडानं फोन करू? आज सकाळी माग चालू केला आणि नुसते ओठ हलवून म्हणून बघितलं, 'लग्न थांबवा.' तेवढंच जमलं.