जाऊबाईंचा भरलेला पेला

माझ्या थोरल्या जाऊबाईंबद्दल चांगलं बोलणारे पायलीचे पन्नास मिळतील. गोड गोड ऐकायचं असेल तर त्यांच्याकडे जा. मी वीस वर्षं त्यांच्यावर जळले आहे, आणि जळणाऱ्या माणसाइतकं बारकाईनं दुसरं कोणी बघत नाही.

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे शिवणकामाचं दुकान. खिडकीला लागून लांब टेबल, तिथे जाऊबाई कापड कापायच्या. भिंतीशी दोन मशीन. दाराजवळ बुटक्या स्टुलावर मी, काज, बटणं आणि तुरपाई करायला. दीर गेले तेव्हा जाऊबाई पस्तिशीच्या होत्या. आठवडाभर रडल्या, मग डोळे पुसून कात्री उचलली ती उचललीच. खडूची एकच रेघ ओढायच्या आणि कात्री सर्रकन फिरवायच्या. चिंध्या मूठभरसुद्धा उरायच्या नाहीत. त्यांनी कापलेला कोट घातला की कुबडा माणूसही ताठ दिसायचा. गिऱ्हाइकं त्यांना 'मोठ्या बाई' म्हणायची आणि मला 'तुरपाईवाली'. माझ्या नवऱ्याच्या शर्टाची शिवण उसवली तर तोसुद्धा म्हणायचा, "वहिनीला दाखव." मी काय मेले होते?

एकदा एक बाई लेकीच्या लग्नाचा झगा शिवायला आल्या. जाऊबाई बाहेर गेल्या होत्या. मी माप घेतलं, कापड पसंत केलं, तासभर गोड बोलले. दारातून वळून बाई विचारतात, "कापणार मोठ्या बाईच ना?" माझ्या पोटात असं काही दुखायला लागलं की त्या दिवशी मी एकच काज तीनदा उसवलं.

त्याच आठवड्यात दुकान आवरताना जाऊबाई म्हणाल्या, "अगं, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. काचबिंदू निघाला. कडेचं दिसेनासं झालंय. गेलं ते परत येत नाही म्हणे, उरलंय ते थेंब घालून टिकवायचं. कुणाला बोलू नकोस. तुलाच सांगितलंय."

"छे हो ताई, मी कशाला बोलू?" मी त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले. आणि खोटं कशाला सांगू, मनात उकळ्या फुटत होत्या.

आमच्या चर्चच्या दाराशी एक लाकडी पेटी आहे. ज्याला प्रार्थना हवी त्यानं तिच्यात चिठ्ठी टाकायची. नाव लिहायची गरज नाही. रविवारी पाळकसाहेब चिठ्ठ्या वाचतात आणि सगळी मंडळी मिळून प्रार्थना करते. चहाडीसाठी याहून पवित्र सोय मला माहीत नाही. मी मापाच्या वहीतला कागद फाडला आणि डाव्या हातानं लिहिलं: 'शिवणकाम करणाऱ्या आपल्या एका बहिणीची दृष्टी जात चालली आहे. कापताना तिच्या हातून चुका होत आहेत. प्रभूनं तिला सांभाळावं.' दुसरं वाक्य धादांत खोटं होतं. जाऊबाईंच्या हातून तोवर सूतभरही चूक झाली नव्हती.

चिठ्ठी वाचली तेव्हा मी त्यांच्या शेजारीच बसले होते. मंडळीत शिवणकाम करणाऱ्या आम्ही दोघीच, आणि कापणाऱ्या त्या एकट्या. माना अशा वळल्या की बाकं करकरली. जाऊबाईंनी डोळे मिटले. प्रार्थना संपल्यावर आमेन म्हणाल्या आणि पाळकसाहेबांकडे जाऊन ती चिठ्ठी मागून घेतली. "माझ्यासाठीची प्रार्थना आहे, माझ्याकडे असू द्या," एवढंच बोलल्या.

महिन्याभरात गिऱ्हाइकं पांगली. झग्याच्या बाई कापड परत न्यायला आल्या. मी पुढे होऊन म्हटलं, "मी कापते की." त्या हसल्या. "तुम्ही तुरपाई छान करता हो," म्हणाल्या आणि गेल्या. त्यातच माझा नवरा कामाला होता तो कारखाना बंद पडला. दुष्काळात तेरावा महिना. मोठ्या बाईंची खुर्ची मला मिळेल म्हणून खटाटोप केला, आणि धोंडा पडला माझ्याच पायावर. तरी पश्चात्ताप म्हणाल तर नव्हता. भीती होती, नवऱ्याला कळलं तर काय, एवढीच.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून तबकातून द्राक्षरसाचे छोटे छोटे पेले फिरतात, अंगठ्याएवढे. मी पाहिलं, जाऊबाई पेला उचलतात, धरून बसतात आणि तसाच भरलेला परत ठेवतात. पुढच्या महिन्यातही तेच. त्याच्या पुढच्याही. मला मेलीला बरं वाटलं. मोठी देवभोळी म्हणून मिरवायची, डोळ्यांबरोबर श्रद्धाही गेली वाटतं! माझा पेला मी दर वेळी एका घोटात संपवत होते.

चौथ्या महिन्यात राहवलं नाही. घरी आल्यावर मी म्हटलं, "ताई, हल्ली प्रभुभोजन घेत नाही तुम्ही? एवढ्यात देवाशी भांडण?"

त्यांनी पवित्र शास्त्र उघडलं. त्यातून ती चिठ्ठी काढली आणि टेबलावर पालथी ठेवली. मागच्या बाजूला, कागदाच्या कोपऱ्यात, माझ्या उजव्या हाताच्या अक्षरात कुठल्याशा मापातला एक शब्द उरला होता, 'बाही'.

"देवाशी नाही गं, तुझ्याशी भांडण आहे," जाऊबाई म्हणाल्या. आवाज चढला होता. वीस वर्षांत मी तो कधी चढलेला ऐकला नव्हता. "दर महिन्याला ठरवून जाते, आज हिला माफ करायचं. पेला उचलते, तर शेजारी तू खुशाल पीत असतेस. मग माझा हातच वर जात नाही. मनात एवढं विष ठेवून मी कसा घेऊ तो? पाप तू केलंस, आणि त्याच्या दारातून उपाशी परत येते मी."

मी जाऊन माझ्या बुटक्या स्टुलावर बसले. लाज वाटली, पण गुन्हा पकडला गेला याची नव्हे. जिला मी बुडवलं ती स्वतःच्या रागासाठी चार महिने देवापुढे झुरत होती, आणि बुडवणारी मी तोंड पुसून उठत होते. मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या करणीसाठी रडले, आणि ते रडणं मला अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच वहीतला कागद फाडला. उजव्या हातानं लिहिलं, खाली नाव घातलं. रविवारी पाळकसाहेबांनी आधी मला बाजूला घेऊन विचारलं, "खरंच वाचू?" मी म्हटलं, "वाचा." त्यांनी वाचलं: 'ती चिठ्ठी मी टाकली होती. चुका होतात हे खोटं होतं. मी जळून लिहिलं. माझ्यासाठी प्रार्थना करा.' पुढच्या बाकावरच्या बाईनं आपली पर्स माझ्यापासून लांब सरकवली. जणू मी पाकीटमारच!

मला वाटलं होतं, आता जाऊबाई गळ्यात पडतील. कसल्या पडतायत! घरी जाताना एवढंच म्हणाल्या, "यापुढे जळायचं तर तोंडावर जळ. चिठ्ठ्या नकोत."

मग मी तोंडावर जळायला लागले. गिऱ्हाइकं थोडी थोडी परत आली. जाऊबाईंची नजर आकसत चालली होती, म्हणून त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून मला कापायला शिकवलं. मी अख्खा कोट कापला, तर गिऱ्हाईक म्हणालं, "शेवटी मोठ्या बाईंचा हात!"

ते गेल्यावर मी म्हटलं, "ताई, आज जळतेय."

"किती?"

"दोन इंच."

"मग फार नाही. तुरपाईत जाईल," म्हणाल्या आणि खडू शोधायला लागल्या.

पेला मात्र मीही घ्यायचं थांबवलं. त्यांनी घेतल्याशिवाय घ्यायचा नाही, असं मनाशी ठरवलं होतं. त्यांना सांगितलं नव्हतं. तबकात दोन भरलेले पेले परत जायचे. पाच महिने गेले.

सहाव्या महिन्यात तबक आलं. जाऊबाईंना कडेचं काहीच दिसत नव्हतं. बोटांनी चाचपत त्यांनी पेला उचलला, धरून बसल्या, नेहमीसारख्याच. मी मान खाली घातली. तेवढ्यात माझ्या गुडघ्यावर काहीतरी टेकलं. रिकामा पेला होता.

"घे आता," त्या कुजबुजल्या. "किती दिवस माझ्यासाठी उपाशी बसशील?"

त्यांना माहीत होतं. न दिसणाऱ्या कडेनंसुद्धा त्यांनी मला पाहिलं होतं. मी माझा भरलेला पेला उचलला, पण घशातून हुंदकाच आधी आला, आणि निम्मा पेला माझ्याच कपड्यांवर सांडला. उरलेला मी प्याले.

"ताई," मी म्हटलं, "माफ करण्यातही तुम्हीच पहिल्या. अर्धा इंच जळले."

"चालेल," जाऊबाई म्हणाल्या, आणि माझा हात घट्ट धरून बसल्या.