सात कोटांची ओळखपरेड

नोकरीत मी माणसांच्या ओळखपरेडी पुष्कळ पाहिल्या. कोटांची परेड मात्र एकदाच झाली, आणि ती दुपार मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा मी मावळातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो.

आंदर मावळातली एक सत्तरीची मावशी गावच्या पोलीस पाटलाला घेऊन ठाण्यात आली. तिचे वडील महायुद्धात हवाई दलात फिटर होते. ती पाळण्यात असताना ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले ते गेलेच. मागून त्यांची ट्रंक तेवढी घरी आली. तिच्यात निळसर करड्या रंगाचा लोकरी कोट होता. ‘जवानांच्या वस्तूंचं प्रदर्शन भरवतोय, फोटो काढून आठ दिवसांत परत आणतो,’ असं सांगून एक माणूस तो कोट घेऊन गेला, त्याला चार महिने झाले होते.

“मावशी, त्याच्याकडून काही लिहून घेतलं होतं का?” मी विचारलं.

“आमच्यात जेवला की त्यो. जेवल्याल्या मानसाकडनं लिवून कसं घ्यायचं?”

ठाणे अंमलदाराचं म्हणणं पडलं की जुना कोट आहे, अदखलपात्र नोंद करून बाईंना वाटेला लावू. खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही तेच वाटलं. मावशीनं ते ओळखलं असावं.

“सायेब, बापाला मी बगितलं न्हाई. फोटू बी न्हाई. त्यो किती उंच व्हता, खांदं केवढं व्हतं, ते मला त्या कोटावरनंच म्हाईत.”

मी फसवणुकीचा गुन्हा दाखल केला आणि तपास स्वतःकडे ठेवला. कोटाची खूण काय, हे तिला बाजूला घेऊन विचारलं, तिचं उत्तर कागदावर उतरवलं आणि पंचांच्या सह्या घेऊन लखोटा मोहोरबंद केला. ही खूण घरातही बोलायची नाही, अशी ताकीद तिला दिली.

दोन आठवडे काहीच हाती लागलं नाही. मग ठाण्याचा पंखा दुरुस्त करायला आलेला लोणावळ्याचा इलेक्ट्रिशियन बोलता बोलता म्हणाला, “साहेब, खंडाळ्याला एका बंगल्यात काचेच्या कपाटांना लाइटी लावून आलो. दार उघडलं तर वाटलं, माणसंच उभी आहेत. सगळे जुने विमानदलाचे कोट!” तिथे असला माल आणून देणाऱ्या माणसाचं त्यानं केलेलं वर्णन मावशीच्या वर्णनाशी जुळलं. तो माणूस आम्हाला कामशेतच्या एसटी थांब्यावर सापडला.

गडी मोठा गोडबोल्या. म्हातारीनं खुशीनं दिला, हे एकच पालुपद. मी आवाज चढवला नाही. गोडबोल्या माणसाला बोलू द्यावं, तो स्वतःच अडकतो. तासाभरानं विचारलं, “खुशीनं दिला, तर तिला नाव खोटं का सांगितलंस?” कोट त्या बंगल्यातच दिल्याचं त्यानं कबूल केलं.

बंगल्याचे मालक सभ्य गृहस्थ होते. चहा दिला आणि म्हणाले, “माझ्याकडे असे सात कोट आहेत. सगळे परदेशातल्या लिलावातले. यातला तिचा कुठला, ते तिनं सांगावं.” संध्याकाळी ‘वरून’ फोन आला, प्रकरण ताणू नका. मी त्या फोनची नोंद स्टेशन डायरीत घेतली आणि तसं फोन करणाऱ्यांना कळवलंही. पुन्हा फोन आला नाही.

सातही कोट ठाण्यात आणवले आणि पंचांसमक्ष, मालकांच्या हजेरीत, टेबलावर मांडले. मावशीनं ना बटणं पाहिली, ना बिल्ले. ती प्रत्येक कोटाच्या डाव्या काखेत आतून हात घालत पुढे सरकत होती. पाचव्या कोटाशी थांबली. “हा.”

त्या कोटाच्या छातीवर वैमानिकाचे पंख, म्हणजे विमान उडवणाऱ्याचं कापडी चिन्ह, शिवलेले होते, आणि तिचा बाप तर फिटर. मालक हसले. मी लखोटा फोडून वाचला: ‘डाव्या काखेत आतून आईनं हिरव्या लुगड्याचा तुकडा लावला आहे, गोधडीच्या टाक्यांनी.’ पंचांनी अस्तर उलटलं. हिरवा तुकडा जागच्या जागी होता. मालकांचं हसू मावळलं. पंख आपणच लावले, वैमानिकाचा म्हणून कपाटात उठून दिसायचा, असं त्यांनी जबाबात सांगितलं.

न्यायालयाच्या आदेशानं कोट परत द्यायचा दिवस आला. मावशी पोचपावतीवर अंगठा उठवेना. पंखांवर बोट ठेवून म्हणाली, “ही काढा.”

“राहू द्या की, मावशी. शोभतात,” मी म्हणालो.

“माजा बाप इमानं दुरुस्त करायचा. उडवायचा न्हाई. त्याच्या अंगावर खोटं कशाला?”

मी ब्लेड मागवलं आणि स्वतः एकेक टाका कापला. मगच तिनं अंगठा दिला.

चोरीला गेलेली वस्तू शोधून दिली की पोलिसाचं काम संपलं, असं मी तोवर मानत होतो. त्या बाईनं बापाला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याच्याविषयीची एकही खोटी गोष्ट ती घरात येऊ देणार नव्हती, मग ती कितीही मानाची असो. पुरावे गोळा करण्यात माझी हयात गेली, पण खऱ्याची एवढी चाड मला दुसऱ्या कुणाकडे दिसली नाही.